खाली जमीन आहे

या, जरा पुढे सरका. उंबऱ्याशी बसलात ते तुम्हीही आत या, आणि येताना दार लोटून घ्या. आज मी एका चित्राची गोष्ट सांगणार आहे. त्या चित्रात चारी दिशा आहेत, खाली धरती आहे, वर आकाश आहे, नाही तो फक्त एक माणूस. तो होता, पण पुसला गेला. कुणी पुसला, का पुसला आणि पुसूनही कसा उरला, ते ऐका. ऐकताना भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा. देव लांब नाही हे खरं, पण शेजारी जास्त जवळ आहे.

माझ्या भावाची दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. दोघांचा धंदा एकच, पण वाटून घेतलेला. थोरला ड्रोन उडवतो. डोंगर, धरण, किल्ला, जिथं माणसाला पंख हवे होते तिथं याचं यंत्र जातं. ते वर जाऊन एका जागी थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरत फोटो काढतं. बाजारात मूल हरवलेली बाई कशी गरागरा वळून बघते, तसं. एक फेरी झाली की मान जरा खाली घालतं आणि पुन्हा फिरतं. शेवटी थेट आपल्या पायाखाली बघतं आणि एक फोटो घेतं. हे सगळे तुकडे धाकटीकडे येतात. ती ते कडेला कड लावून जोडते, आणि त्यातून एक अखंड चौफेर चित्र तयार होतं. पडद्यावर बोट फिरवलं की जणू तुम्ही स्वतःच हवेत उभे राहून सगळीकडे बघताय. म्हणून थोरला तिला शिंपीणबाई म्हणतो आणि ती त्याला पायलटसाहेब म्हणते. दोघांच्या बोलण्यात मान किती असतो, ते तुम्हाला कळेलच.

या कामातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राची मान वर वळत नाही. डोक्यावरचं आकाश त्याला दिसतच नाही. तिथं चित्रात भोक पडतं आणि आजूबाजूचं निळं ओढून धाकटी ते बुजवते. मी एकदा तिला म्हटलं, "म्हणजे ज्याच्याकडे बघून आपण हात जोडतो, नेमकं तेवढंच तुमच्या चित्रात खोटं!"

"आत्या, तू आणि तुझी निरूपणं!" ती म्हणाली. "गिऱ्हाईक वर बघत नाही गं. खालीच बघतं."

दुसरी गोष्ट. ज्या चित्रात सगळ्या दिशा येतात, त्यात उडवणाराही येतो. लपणार कुठं? थोरला बहुतेक वेळा यंत्राच्या बरोबर खाली उभा असतो, म्हणजे शेवटच्या फोटोत त्याचं फक्त डोकं दिसतं. ते डोकं पुसणं हे धाकटीच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं, जसं आपण स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसतो. बघावंही लागत नाही.

"इतक्यांदा पुसलंय तुला," ती म्हणायची, "अजून तू शिल्लक कसा?"

"चिवट डाग आहे मी," तो म्हणायचा.

तर या दोघांना काम आलं. जुन्या वास्तू सांभाळणारं एक खातं असतं, तिथल्या मॅडमनी सांगितलं की समुद्रात घुसलेल्या एका कड्याच्या टोकाला जाळाचा मनोरा आहे, त्याचं चौफेर चित्र हवं. शेकडो वर्षांपूर्वी गलबतांना वाट दिसावी म्हणून त्याच्या माथ्यावर रात्रभर जाळ पेटता ठेवायचे. आता तिथं कुणी जात नाही. अट एकच होती, चित्रात माणूस नको.

धाकटी अशा ठिकाणी जात नाही, तिचं काम खोलीतलं. थोरला एकटाच निघाला. मिठागरांपाशी रस्ता संपला. पुढं दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे कुबडासारखी उठलेली खडकाची सोंड. पाठीवर यंत्राची पेटी घेऊन तो चालत राहिला. मनोरा लांबून काडीएवढा दिसत होता आणि कितीही चाललं तरी काडीएवढाच राहत होता. मग एका वळणानंतर एकदम समोर आला. काळा, गोल, माथ्यावर तुटका. त्याच्या पायाशी, जमिनीच्या बाजूला, दोन खोल्यांचं राखणदाराचं घर होतं. धुराड्यातून धूर येत होता आणि दारात एक बाई उभ्या होत्या. साठी उलटलेल्या, पदर खोचलेला, हातात पीठ.

"तूच का तो उडवणारा?" त्या म्हणाल्या. "ये. पाय धू. आधी चहा, मग काय ते उडव."

थोरल्याला तिथल्या तिथे काकू मिळाल्या.

राखणदार काकूंचे यजमान होते. नोकरी त्यांची, पण गेली कित्येक वर्षं करत होत्या काकू. झाडलोट, कुलूपकिल्ली, गवत काढणं. चहा आला तो थोरल्यासाठी काचेच्या ग्लासात, काकूंसाठी निळ्या कडेच्या पांढऱ्या कपात. आणि चुलीजवळच्या फळीवर आणखी एक ग्लास भरून ठेवला होता, त्यावर बशी झाकलेली.

"आणखी कुणी यायचंय का?" थोरल्यानं विचारलं.

"यायचे असतील तर येतील," काकू म्हणाल्या. "तू पी. निवतोय."

दिवस कलेपर्यंत गप्पा झाल्या. काकू बोलायच्या भुकेल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुझं यंत्र मनोऱ्याच्या पलीकडे जाईल? समुद्राच्या अंगाला?"

"तिकडूनच तर काढायचंय."

"मग एक काम कर बाळा. वरून काही दिसतं का बघ."

"काय दिसायला हवंय?"

काकूंनी परातीतलं पीठ उगाचच सारखं केलं. मग म्हणाल्या, "आमचे हे. एका दुपारी जेवण झालं, आमचं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, शहरात जाऊ, इथं काय आहे. मी म्हटलं, जायचं तर जा, मी नाही येत. अस्संच म्हटलं, याच तोंडानं. मी आत आले, भांडी घासायला बसले. त्यांनी काठी घेतली, टोपी घातली, दारातून म्हणाले, येतोच. आणि आलेच नाहीत."

"शोधलं नाही कुणी?"

"शोधायचं कशाला? बसच्या कंडक्टरनं शपथेवर सांगितलं, तपकिरी टोपीवाला म्हातारा शहरात उतरला म्हणून. खात्यानं ठरवलं, नोकरी सोडून पळाला. गावच्या बाया म्हणाल्या, बघ, तुझा कपसुद्धा घेऊन गेला! या कपाचा जोड होता रे. आमच्या लग्नातला. त्या दिवसापासून दुसरा कप घरात नाही."

बाहेर समुद्र आपटत होता. काकू उठल्या आणि फळीवरचा ग्लास उचलून मोरीत रिकामा केला. तो रोज असाच भरून रोज असाच ओतला जात असणार, हे थोरल्याला हातांच्या सवयीवरून कळलं.

"मला दुसरं काही नको," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "गेलेच असतील तर मी रडेन. आणि मला टाकून गेले असतील तर भेटले की भांडेन. पण इतकी वर्षं मला दोन्हीही करता येत नाही. रडू की भांडू, एवढं कुणी सांगावं."

"बघतो काकू," थोरला म्हणाला. बोलून गेला खरा, पण बघायचं काय, हे त्यालाही कळत नव्हतं.

सकाळी ऊन चढल्यावर तो कामाला लागला. मनोऱ्याच्या पोटातून एक कमानीचा बोळ पलीकडे, समुद्राकडे जात होता. बोळाच्या तोंडाशी लाकडी आडणा ठोकलेला होता आणि त्यापुढं काही नव्हतं. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. कडा तिथं सुरीनं कापल्यासारखा तुटला होता आणि थेट खाली फेस उकळत होता. थोरला आडण्याच्या आत, बोळाच्या काळोखात उभा राहिला. इथं कॅमेऱ्याला तो दिसणार नव्हता. मनात म्हणाला, आज शिंपीणबाईला सुट्टी.

यंत्र उडालं, कड्यापलीकडे गेलं, मनोऱ्याच्या अर्ध्या उंचीवर पाण्यावर थांबलं आणि फिरायला लागलं. तेवढ्यात वारा पडला.

समुद्राकाठी वारा पडतो, त्यात नवल नाही. पण तो असा पडला, जसं भरल्या घरात बोलणारी माणसं एकदम गप्प होतात आणि आपल्याला कळतं की आपल्याबद्दलच चाललं होतं. पक्षी गप्प झाले. लाट फुटताना दिसत होती, ऐकू येत नव्हती. आणि त्या शांततेत थोरल्याला अगदी जवळ, समोरून, आवाज आला. टक्. दगडावर कप ठेवल्याचा.

"काकू?" तो मागं वळला. बोळ रिकामा होता. लांब, बोळाच्या त्या टोकाला, घराच्या अंगणात काकू वाळत घातलेली चादर झटकत होत्या.

हातातला रिमोट वाजला. यंत्र शेवटच्या फोटोसाठी खाली बघत होतं, पण स्क्रीनवर चित्राऐवजी मोठी पाटी आली होती. *खाली जमीन आहे. उतरायचं का?*

थोरला हसला. पाण्याची चकाकी यंत्राला कधीकधी चकवते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नाही म्हटलं. पाटी गेली आणि परत आली. *खाली जमीन आहे. उतरायचं का?* पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याला हसू आलं नाही. त्यानं फोटोचा आवाज ऐकला आणि यंत्र घाईनं परत बोलावलं. ते हातात आलं तेव्हा त्याचं पोट बर्फासारखं गार होतं. मग वारा पुन्हा सुटला.

"दिसलं काही?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू. पाणीच पाणी."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि वाटेत खायला म्हणून त्याच्या पेटीत पुरचुंडी ठेवली.

आता मन जरा इकडे आणा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, पडदे ओढून, धाकटी कामाला बसली होती. थोरल्यानं तुकडे आणून दिले आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. काकूंचं तो काही बोलला नाही. सांगण्यासारखं काही झालं नव्हतं, आणि जे झालं ते सांगून बहिणीकडून आयुष्यभर चिडवून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

तिनं कडा जुळवल्या. मनोरा उभा राहिला, समुद्र पसरला, वरचं भोक निळ्यानं बुजलं. राहिला शेवटचा तुकडा, पायाखालचा. त्यात दगडी फरशी होती, एक बाक होतं, आणि बरोबर मधोमध वरून दिसणारी एक तपकिरी टोपी.

"आलास का!" ती स्क्रीनशी म्हणाली. "टोपी कधीपासून घालायला लागलास रे?"

आणि तिनं ओटा पुसावा तसा तो पुसला. शेजारची फरशी ओढून त्यावर पसरली. चित्र पाठवून दिलं.

दोन दिवसांनी खात्यातल्या मॅडमचा फोन आला. चित्र फार आवडलं होतं. "फक्त एक बारीकसं राहिलंय बघा," त्या म्हणाल्या. "माणूस पुसलात, पण सावली तशीच आहे."

धाकटीला लाज वाटली. या धंद्यात यासारखी कच्ची चूक नाही. तिनं चित्र उघडलं. मनोऱ्याच्या काळ्या भिंतीवर, समुद्राच्या बाजूला, खरंच सावली होती. लांब, वर चढत गेलेली. टोपीचा काठ दिसत होता. एक हात टोपीशी धरलेला, दुसऱ्या हातात काहीतरी. तिनं पुसायला घेतलं आणि तिचा हात थांबला.

मनोऱ्याची स्वतःची सावली तिकडेच पडली होती. सकाळची वेळ. ऊन जमिनीच्या बाजूनं येत होतं, समुद्राकडची भिंत सगळीच्या सगळी सावलीत होती. सावलीत उभ्या असलेल्या माणसाची सावली पडेल कशी? ती पडायला ऊन समुद्राकडून यायला हवं, म्हणजे दुपार कललेली हवी.

तिनं भावाला फोन लावला. "दादा, तू दुपारीही उडवलंस का रे?"

"नाही. का?"

"मग सकाळी त्या फरशीवर टोपी घालून काय करत होतास? पुसता पुसता तुझी सावली राहिली माझ्याकडून."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. थोरला रस्त्याच्या कडेला सरकला.

"कुठल्या फरशीवर?"

"खाली रे. यंत्राच्या खाली. बाक आहे तिथं."

"शिंपीणबाई," तो म्हणाला, आणि त्या शब्दात आज थट्टा नव्हती, "यंत्राच्या खाली समुद्र होता. मी बोळात होतो, आणि आयुष्यात टोपी घातलेली नाही मी. तू कुणाला पुसलंस?"

तो आला तेव्हा ती खोलीत नव्हती. खाली सायकलवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसली होती, भर उजेडात, आणि त्याला उगाचच पंक्चरचे भाव विचारत होती. दोघं मिळून वर गेले. मूळ तुकडा, न पुसलेला, उघडला. मोठा केला.

दगडी सज्जा होता, कठड्याचा. बाक होतं, त्याला टेकवलेली काठी. आणि एक म्हातारा. एका हातानं टोपी धरलेली, वाऱ्यात उडू नये म्हणून. दुसऱ्या हातात निळ्या कडेचा पांढरा कप. मान पूर्ण वर केलेली. माणूस ड्रोनकडे बघतो तेव्हा डोळे बारीक करतो, त्याला गंमत वाटते. हा तसा बघत नव्हता. त्याचे डोळे यंत्राच्याही पलीकडे, आणखी वर लागले होते. तिथं, जिथं यंत्राची मान वळत नाही आणि जे आपण निळ्यानं बुजवतो. आणि चेहऱ्यावर भीती नव्हती, आत्ताच कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी तसा चेहरा होता.

मग थोरल्यानं बहिणीला सगळं सांगितलं, काकूंचं, कपाचं, पाटीचं.

"सांगायचं का त्यांना?" त्यानं विचारलं. "म्हातारी बाई आहे. एकटी राहते तिथं."

"दादा, मी त्यांच्या माणसाला पुसलंय," धाकटी म्हणाली. "मी येते. मीच दाखवते."

काकूंनी दोघांना बघितलं आणि काही विचारलं नाही. चूल पेटवली. त्यांना कळलं होतं. बातमी आणणारी माणसं पायातली चप्पल वेगळीच काढतात.

धाकटीनं टॅब मांडीवर घेतला आणि आधी फक्त फरशी दाखवली. माणूस बोटानं झाकून ठेवला होता.

"अगं, हा तर आमचा सज्जा!" काकू उजळल्या. "मनोऱ्याच्या मागं होता. तिथंच बसायचो आम्ही, जेवण झालं की. हे गेले त्याच रात्री मोठं वादळ झालं, त्यात पडला म्हणे. खात्याची माणसं आली तेव्हा त्यांनी बघितलं, आडणा ठोकून गेली. मी काही त्या अंगाला फिरकले नाही परत. एकटीनं काय बसायचं तिथं? पण हा फोटो कधीचा?"

"आत्ताचा," थोरला म्हणाला.

"चल! सज्जाच नाही तर..."

धाकटीनं बोट काढलं.

चुलीवरचं पाणी उकळून उतू गेलं, निखारे फसफसले, कुणी उठलं नाही. काकू बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. टोपीकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि नजर कपावर येऊन थांबली.

"मी रागानं उठले," त्या अगदी हळू म्हणाल्या, स्वतःलाच सांगावं तसं. "भांडता भांडता उठले आणि आत आले. माझा कप... मी बाकावरच ठेवून आले होते. त्या दिवशी समुद्र सकाळपासून खवळलेला. आत हंडा पडला असता तरी ऐकू आलं नसतं." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "येतोच म्हणाले ते. माझा कप आणायला गेले होते. कप आणायला, आणि त्यांच्या पायाखालचा सज्जा..."

धाकटीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, आता रडतील.

पण काकू कडाडल्या. "राहू द्यायचा होता ना कप!" त्या टॅबवर ओरडल्या. "एवढं वारं, एवढा समुद्र, आणि निघाले कप आणायला! मी नसता आणला संध्याकाळी? इतकी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली मी तुमच्यासाठी! कंडक्टरनं सांगितलेली टोपी, गावात दिसलेली टोपी, सगळ्यांच्या टोप्या निरखून बघितल्या! एका कपासाठी, अहो, एका कपासाठी..."

आणि मग त्या रडल्या. भांडत भांडत रडल्या, रडत रडत भांडल्या. इतकी वर्षं दोन्हींतलं एकही करता आलं नव्हतं, ते दोन्ही एकदम झालं. दोघं भावंडं भिंतीला टेकून बसून राहिली. शेवटी काकूंनी नाक पुसलं, उठून चूल सारखी केली आणि म्हणाल्या, "यंत्र आणलंयस ना रे? ने बघू तिथं परत. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

दुपार कलली होती. ऊन समुद्राकडून येत होतं. तिघं बोळात, आडण्याच्या आत उभी राहिली. यंत्र त्याच जागी जाऊन थांबलं आणि खाली बघू लागलं. स्क्रीनवर पाणी होतं. काळे सुळके आणि पांढरा फेस. सज्जा नाही, बाक नाही, कुणी नाही.

"नाहीत," थोरला म्हणाला.

तेव्हाच वारा पडला. धाकटीनं भावाची बाही घट्ट धरली. फेस फुटत होता आणि आवाज नव्हता. समोर, हातभर अंतरावर, जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं, टक् वाजलं. आणि रिमोटवर पाटी आली.

"काय म्हणतंय ते?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. पाण्यामुळं चकतं यंत्र."

"काय म्हणतंय?"

थोरल्यानं पाटी वाचून दाखवली. "खाली जमीन आहे म्हणतंय. उतरायचं का, विचारतंय."

काकूंनी आडण्यावर दोन्ही हात ठेवले. समोरच्या रिकाम्या हवेकडे त्या अशा बघत राहिल्या, जसं आपण अंगणात बसलेल्या घरच्या माणसाकडे स्वयंपाकघरातून बघतो.

"नको म्हण," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, बसा. मी येतेच."

थोरल्यानं दचकून त्यांचा दंड पकडला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या. "अरे सोड, दुखतंय. माझं बोलावणं यायचं तेव्हा येईल. वरून आल्याशिवाय मी कुठं जाते? तोवर गवत कोण काढणार इथलं, तुझी मॅडम?"

थोरल्यानं नाही म्हटलं. पाटी गेली. या खेपेला ती परत आली नाही. वारा हलकेच सुटला, पक्षी ओरडले.

त्या संध्याकाळी काकूंनी फळीवर दुसरा ग्लास भरला नाही. स्वतःचा कप घेऊन त्या बोळात जाऊन बसल्या, आडण्याच्या आत, आणि चहा संपेपर्यंत बसल्या. आता रोज बसतात.

घरी आल्यावर धाकटीनं मूळ तुकडा पुन्हा उघडला. त्यात समुद्र होता. काळे सुळके आणि फेस. तिनं तिची प्रत बघितली, भावाची बघितली, तिन्ही ठिकाणी समुद्रच. ती तडक माझ्याकडे आली. "आत्या, आम्ही तिघांनी बघितलं गं. आम्ही तिघांनी."

"मग बस झालं की," मी म्हटलं. "ज्यांच्यासाठी होतं त्यांना दिसलं."

आणि खात्याला पाठवलेल्या चित्रात तिनं ओढलेली फरशी होती, तिथंही पाणी आलं होतं. पण सावली तेवढी गेली नाही. मॅडमनी पुन्हा फोन केला, तेवढी पुसून द्या म्हणून. माझी भाची आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नाही म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मॅडमनी विचारलं नाही. लोकांना ढगाची वाटेल, म्हणाल्या, राहू द्या.

म्हणून ती अजून आहे. मी बघितलीय. मनोऱ्याच्या काळ्या भिंतीवर, सकाळच्या सावलीत, एका दुपारची सावली. आणि मी त्यात बोट फिरवून मुद्दाम वर गेले, अगदी डोक्यावर, त्या बुजवलेल्या निळ्यापर्यंत. तिथं काही दिसलं नाही. दिसणार नव्हतंच. ज्याला वरून सगळं दिसतं तो चित्रात येत नाही आणि चित्रातलं कुणाला पुसतही नाही, एवढं मला कळलं. मी तिथंच हात जोडले.

आता उठा, उशीर झाला. सावकाश जा, पायरी बघून. आणि एवढं माझं ऐका. कुठं मोकळी, स्वच्छ, माणूस नसलेली सुंदर जागा चित्रात दिसली, तर क्षणभर थांबा, आणि बायकोचा विसरलेला कप आणायला "येतोच" म्हणून गेलेल्या त्या टोपीवाल्या राखणदाराची आठवण काढा. त्याला हाक मारणारी एकच बाई उरली आहे, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नाही. तेव्हा त्याची आठवण काढायचं काम आपल्याकडे आलं आहे.